पुली मधी धरायची

माझ्याकडे एक वाकलेली पुली आहे. जुन्या मारुतीच्या डायनामोची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. तिचा काठ एका जागी जेमतेम दीड मिलिमीटर आत गेला आहे, टेबलावर ठेवली तर कुणाला कळणारही नाही. ती माझ्याच हातून वाकली. मधला नट सुटला, पण पुली शाफ्टवरून हलेना. मग मागून टॉमी (लोखंडी पहार) घालून काठ उचकटला आणि हातोड्याने ठोकलं. पुली निघाली. नवं बेअरिंग टाकलं, पुली परत बसवली, गाडी सुरूही झाली. दहा दिवसांत नव्या फॅनबेल्टच्या एका कडेचा चोथा झाला.

ती पुली घेऊन मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथवर गेलो. अण्णांनी ती चकमध्ये धरून सावकाश फिरवली. लचक मोजायचं डायल लावायची गरजच पडली नाही, पुली डोळ्यांना लचकताना दिसत होती. "काठाला धरून वढायची नसती रं पुली," ते म्हणाले, "मधी धरायची. जिथं ती शाफ्टवर बसलीया तिथं."

पुल्या काढण्या-बसवण्याचं बहुतेक शास्त्र या एका वाक्यात आहे. जोर किती लावायचा यापेक्षा तो कुठे लावायचा आणि तो पुढे कुठे जाऊन पोचतो, हे कळलं की या कामाची भीती निम्मी कमी होते. त्याचबरोबर कोणत्या पुलीला घरी हात लावायचा नाही, हेही आपोआप कळतं.

बेल्टच्या वाटेवर कोण कोण

पिठाच्या गिरणीत मोटरीवर छोटी पुली, जात्यावर मोठी पुली आणि मध्ये पट्टा असतो. मोटर भरभर फिरते, जातं सावकाश. गाडीत याच्या उलट आहे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) टोकाला मोठी पुली असते आणि तिच्यावरून निघालेला बेल्ट छोट्या पुल्यांना फिरवतो. डायनामो, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप, ही सगळी मंडळी त्या एका क्रँकच्या जिवावर चालतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांत त्यातली एक पुली कमी.

डायनामोची पुली लहान का, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा क्रँकची पुली १५० मिलिमीटर व्यासाची आहे आणि डायनामोची ६० मिलिमीटरची. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात डायनामो अडीच फेरे मारतो. गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर डायनामो २,००० घेतो, म्हणून सिग्नलला उभं असतानाही बॅटरी चार्ज होते. इंजिन ५,००० वर गेलं की डायनामोची पुली मिनिटाला १२,५०० फेरे घेत असते. माझ्या पुलीचा वाकलेला काठ सेकंदाला दोनशेपेक्षा जास्त वेळा बेल्टला घासून जात होता. दीड मिलिमीटर ही किरकोळ चूक का नव्हती, ते या आकड्यात दिसतं.

बेल्टचे दोन प्रकार. जुन्या गाड्यांत इंग्रजी व्हीच्या आकाराचा फॅनबेल्ट असतो. तो खाचेच्या दोन्ही भिंतींना घट्ट धरून चालतो, तळाला टेकत नाही. म्हणून अशा पुलीच्या खाचेचा तळ घासून चकचकीत झालेला दिसला तर समजायचं, बेल्ट तरी झिजलाय नाहीतर पुली. नव्या गाड्यांत चपटा, आतून उभ्या रेघांचा बेल्ट असतो. त्याच्यावर ६पीके१२०० असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला ६ म्हणजे सहा रेघा, पीके हा रेघांचा ठरलेला साचा (दोन रेघांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर) आणि १२०० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. दुकानात जाताना हा आकडा फोटो काढून न्या. मॉडेलच्या नावावरून बेल्ट मागितला की एसी असलेल्या-नसलेल्या प्रकारात हमखास घोळ होतो.

याशिवाय बेल्टच्या वाटेवर एक-दोन पुल्या कुणालाच फिरवत नाहीत. एक आयडलर, बेल्टला वळण देणारी. दुसरी टेन्शनर, बेल्ट ताणून धरणारी. आवाजाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्यांत पुष्कळदा दोष या दोघींच्या बेअरिंगचा असतो, आणि घरी बदलायला याच सगळ्यात सोप्या. एक बोल्ट, एक पुली.

सुरुवात करण्याआधी

इंजिन थंड असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. डायनामोच्या मागच्या जाड वायरला बॅटरीचा करंट थेट येत असतो. पाना तिथे टेकून दुसरीकडे इंजिनाला लागला तर ठिणग्या उडतात आणि हात भाजतो. शिवाय कितीतरी गाड्यांत रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. तोही धोका बॅटरी काढल्यावर संपतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुल्यांची बाजू चाकाच्या कमानीकडे येते. पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं की क्रँकची पुली समोर दिसते. गाडी जॅकवर उचलली की जॅकच्या भरवशावर राहू नका. सपाट, कठीण जागेवर घोडी म्हणजेच स्टँड लावा आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे द्या. विटा नकोत, वीट भाराखाली सांगून फुटत नाही. आणि ज्या बोल्टला खूप जोर लागणार आहे तो शक्य असेल तर गाडी चारही चाकांवर असतानाच ढिला करून घ्या. स्टँडवरच्या गाडीला लांब पाइपाने हिसके देणं म्हणजे तिला स्टँडवरून ढकलण्यासारखं आहे.

बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो काढा. दोन फोटो काढा, एक वरून, एक कमानीतून. सहा पुल्यांवरून गेलेला बेल्ट एकदा निघाला की कुठे वरून आणि कुठे खालून होता, हे दहा मिनिटांनी आठवत नाही. जुनाच बेल्ट परत घालणार असाल तर त्याच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढून ठेवा.

सोप्या पुल्या, आणि एक युक्ती

पाण्याच्या पंपाची पुली बहुतेक वेळा पत्र्याची, दाबून केलेली असते आणि तीन-चार छोट्या बोल्टांनी पंपाच्या चकतीवर बसते. बोल्टांची डोकी १० नंबरची. पुष्कळ जण आधी बेल्ट काढतात आणि मग बोल्ट फिरवायला जातात. बोल्टाबरोबर पुलीच फिरत राहते आणि मग तिला धरायला स्क्रूड्रायव्हर, पक्कड, जे सापडेल ते घुसवलं जातं. तसं करू नका. बेल्ट ताणलेला असतानाच हे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिले करा. बेल्टच पुलीला धरून ठेवतो. मग बेल्ट काढा आणि बोल्ट बोटांनी सोडवा. बसवताना उलट क्रम: बोल्ट हाताने लावा, बेल्ट ताणा, मग आवळा. आवळताना जोर आवरा. एवढ्या छोट्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. लांब पान्याने मनगट लावलंत तर पंपाच्या चकतीतले आटे जातात, आणि मग पंपच बदलावा लागतो. गंजून चिकटलेली पुली असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारून अर्धा तास थांबा, मग हाताने डावी-उजवी हलवा. पंपाची चकती शाफ्टवर दाबून बसवलेली असते. पुलीला मारलेला हातोडा तिच्यातून बेअरिंगला आणि सीलला जातो, आणि पंधरा दिवसांनी पंप गळायला लागतो.

डायनामोच्या पुलीचा नट मोठा असतो, पण अडचण वेगळी: नट फिरवला की शाफ्टही फिरतो. म्हणून बऱ्याच डायनामोंत शाफ्टच्या टोकाला षटकोनी किंवा ताऱ्याच्या आकाराची खाच असते. तिच्यात ॲलन पाना घालून शाफ्ट धरायचा आणि बाहेरून रिंग पान्याने नट सोडवायचा. इम्पॅक्ट गन असेल तर काम क्षणात होतं, कारण तिचे झटके इतके छोटे असतात की शाफ्टला फिरायला सवडच मिळत नाही. पुली व्हाइसमध्ये धरणं मात्र वाईट. व्हाइसचे जबडे काठालाच धरतात.

डिझेल गाड्यांत आणि अलीकडच्या काही पेट्रोल गाड्यांत डायनामोची पुली वेगळीच निघते: समोर प्लास्टिकचं टोपण, आत एक क्लच. ही एका दिशेला शाफ्टला फिरवते, दुसऱ्या दिशेला मोकळी सुटते. इंजिनाचा वेग अचानक पडला तरी डायनामोच्या आतला जड फिरता भाग, म्हणजे रोटर, आपल्या गतीने फिरत राहतो, बेल्टला हिसका बसत नाही. ही तपासायची पद्धत सोपी आहे. डायनामो हातात असताना रोटर धरून पुली दोन्हीकडे फिरवून पाहा. एकीकडे पकडली पाहिजे, दुसरीकडे सुटली पाहिजे. दोन्हीकडे पकडते किंवा दोन्हीकडे सुटते, तर ती गेली. हिला काढायला बाहेरच्या भागाला बारीक दात्यांचं आणि आतल्या शाफ्टला वेगळं असं जोड हत्यार लागतं. सेट विकत मिळतो. साध्या पान्याने नाद करू नका. आणि टोपण परत बसवायला विसरू नका, आपल्या पावसाळ्यातला चिखल आतल्या क्लचला आठवड्यात खाऊन टाकतो.

टेन्शनर काढताना एक जपा. त्याच्यात दमदार स्प्रिंग असते. पान्याने ती दाबून बेल्ट सैल करायचा आणि मग हळूहळू सोडायची. पाना निसटला तर तो टेन्शनर बोटं ठेचू शकतो. बऱ्याच टेन्शनरना दाबून धरायला एक भोक दिलेलं असतं, त्यात जाड तार किंवा ड्रिल बिटचा दांडा घातला की तो तसाच राहतो. आणखी एक: काही आयडलर आणि टेन्शनरचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावूनही बोल्ट जागचा हलत नसेल तर पाइप आणण्याआधी मॅन्युअल उघडा.

ज्यांना घरी हात लावू नये

पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची पुली कित्येक गाड्यांत बोल्टाने बसवलेली नसतेच. ती शाफ्टवर नुसती दाबून घट्ट बसवतात. काढायला तिच्या मधल्या गळ्याला पकडणारा खास पुलर लागतो आणि बसवायला शाफ्टच्या आतल्या आट्यांत स्क्रू घालून तिला सावकाश आत ओढणारं दुसरं हत्यार. हातोड्याने ठोकून बसवलेली पुली मी पाहिली आहे. पुली बसते, पण प्रत्येक ठोका शाफ्टमधून थेट पंपाच्या पोटात जातो. हत्यार नसेल तर पंप काढून वर्कशॉपमध्ये न्या, दाबून घ्या आणि परत येऊन स्वतः बसवा. यात कमीपणा काहीच नाही.

एसी कॉम्प्रेसरची पुली म्हणजे बेअरिंगवर मोकळी फिरणारी पुली आणि समोर चुंबकाने चिकटणारी चकती. त्या दोघींमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि ती बारीक वॉशर घालून जुळवतात. गॅसची नळी उघडावी लागत नाही, हे खरं. पण ती फट चुकली तर क्लच घसरून जळतो. हे काम एसीवाल्याकडे सोपवलेलं बरं.

क्रँकची पुली

आता मुख्य विषय. क्रँकची पुली काढायची वेळ येते ती बहुधा तीन कारणांनी: टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवणारा आतला पट्टा) बदलायचा आहे, पुढचं ऑइल सील गळतंय, किंवा पुलीच खराब झाली आहे.

ही पुली खराब कशी होते? बहुतेक गाड्यांत ती एकसंध लोखंड नसते. मधला गाभा शाफ्टवर बसतो, बाहेर जड कडं असतं आणि दोघांच्या मध्ये रबराचा थर. कारण असं: चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर स्फोट. प्रत्येक स्फोटाने क्रँकशाफ्टला पीळ बसतो आणि तो लगेच उलट सुटतो. पोलादाचा जाड दांडा डोळ्यांना हलताना दिसत नाही, पण आतून तो सतारीच्या तारेसारखा थरथरत असतो. ती थरथर वाढत गेली तर शाफ्टलाच तडा जाऊ शकतो. बाहेरचं जड कडं आपल्या गतीने फिरू पाहतं, रबर पिळतं आणि थरथर स्वतःत जिरवून उष्णता करून टाकतं. म्हणून या पुलीला डॅम्पर म्हणतात. वर्षानुवर्षं उष्णता आणि गळणारं तेल खाऊन रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि एक दिवस बाहेरचं कडं गाभ्यावरून सरकायला लागतं.

हे ओळखायला एक खडू किंवा पांढरा रंग पुरतो. इंजिन बंद असताना गाभ्यापासून रबर ओलांडून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा. शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवा आणि परत बघा. रेघ तुटून दोन तुकडे मागेपुढे झाले असतील तर पुली बदला. त्याच वेळी लक्षात ठेवा, अशा पुलीच्या कड्यावर टायमिंगची खूण असेल तर ती आता खोटं बोलते आहे.

आता अण्णांचं वाक्य पुन्हा आठवा. तीन नख्यांचा पुलर या पुलीच्या बाहेरच्या कड्याला अडकवला आणि स्क्रू आवळला तर काय होईल? स्क्रू १६ मिलिमीटर जाडीचा असेल आणि त्याला ५० न्यूटन-मीटरने फिरवलं, जे हातातल्या पान्याने सहज होतं, तर तो सुमारे दीड टनाने ओढतो. तो दीड टन कड्यातून रबरात जातो. गाभा जागचा हलत नाही, रबर फाटतं. म्हणून डॅम्परच्या गाभ्यात आटे असलेली दोन-तीन भोकं दिलेली असतात. पुलरचे बोल्ट त्या भोकांत आवळायचे, म्हणजे ओढ थेट शाफ्टभोवतीच्या भागाला मिळते. स्क्रूचं टोक मात्र क्रँकच्या तोंडाशी असलेल्या आट्यांवर टेकवू नका. भोकापेक्षा बारीक, तळापर्यंत जाणारा पोलादी गज आत घालून त्याच्यावर टेकवा. ते आटे गेले तर दुरुस्ती पुलीच्या नव्हे, क्रँकशाफ्टच्या किमतीची होते. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुली शाफ्टवर सैलसर बसते, तिला फक्त गंजाने धरलेलं असतं. तिथे पुलर लागतही नाही, दोन्ही हातांनी गाभ्याजवळ धरून हलवली की येते.

पण त्याआधी मधला बोल्ट सुटायला हवा, आणि खरा घाम तिथेच निघतो. छोट्या गाड्यांत तो शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो, मोठ्या इंजिनांत दोनशेच्या वर, आणि दहा वर्षांचा गंज वेगळा. दोनशे न्यूटन-मीटरसाठी २० सेंटिमीटरच्या पान्यावर शंभर किलोचा जोर लागेल. ६० सेंटिमीटरचा पाइप टाकला तर तेहतीस किलो, एक मीटरचा टाकला तर वीस. लांबी वाढवा, हिसका वाढवू नका. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा. बारा कोनांची गोटी अशा बोल्टाची डोकी गोल करते.

जोर लावला की इंजिन फिरणार, म्हणजे क्रँक धरून ठेवायला हवा. मॅन्युअल गाडीत गिअर टाकून घरातल्या कुणाला तरी ब्रेकवर पाय दाबून बसवायचं. कोणता गिअर? बरेच जण पहिला टाकतात. वरचा टाका. पहिल्या गिअरमध्ये क्रँकची ओढ चाकापर्यंत पोचेतो बारा-चौदा पट होते, सगळ्यात वरच्या गिअरमध्ये तीन-चार पट. ब्रेकला दुसरं काम सोपं जातं. बोल्ट फारच घट्ट असेल तर छोट्या गाडीचा क्लच घसरू शकतो. ऑटोमॅटिक गाडीत तर ही युक्ती चालतच नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. मग सेल्फ काढून किंवा तळाचं झाकण उघडून फ्लायव्हीलचे (क्रँकच्या दुसऱ्या टोकाच्या जड चाकाचे) दाते खास लॉकने अडवायचे. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत पुलीच्याच मधोमध ५० मिलिमीटरचा षटकोनी खड्डा असतो, त्यात बसणारं धरण्याचं हत्यार बाजारात मिळतं.

एक प्रकार मी कळकळीने सांगतो की करू नका. पान्याचा दांडा जमिनीला किंवा चॅसिसला अडकवून सेल्फ मारायचा आणि इंजिनाच्याच जोराने बोल्ट सोडवायचा. यात बॅटरी जोडलेली असते, इंजिन सुरू होऊ शकतं, आणि लोखंडी दांडा कुणाच्या नडगीवर जाईल ते सांगता येत नाही.

सगळ्या गाड्यांत मधला बोल्ट काढावाच लागतो असंही नाही. फोक्सवॅगनच्या कितीतरी डिझेल इंजिनांत पुली चार छोट्या बोल्टांनी आतल्या चाकाला जोडलेली असते. ते चार सोडवले की पुली हातात येते, मधल्याला हात लावायचा नाही. याच्या अगदी उलट, फोर्डच्या काही इंजिनांत क्रँकच्या टोकाला चावीच (शाफ्टच्या खाचेत बसून पुलीला घसरू न देणारा लोखंडी तुकडा) नसते. पुली आणि टायमिंगचं चाक हे दोन्ही फक्त त्या एका बोल्टाच्या दाबाने जागेवर राहतात. बोल्ट ढिला झाला की टायमिंग सुटतं. कुठलीही खूण करून उपयोग होत नाही, क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) दोन्ही खास पिनांनी अडवूनच काम करावं लागतं. चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. म्हणून क्रँकच्या बोल्टाला पाना लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: आपल्या इंजिनात चावी आहे का? उत्तर मॅन्युअलमध्ये आहे. ते मिळेपर्यंत थांबा.

परत बसवताना

काढण्यापेक्षा बसवण्याला जास्त वेळ द्या. शाफ्टचं टोक आणि पुलीचं भोक बारीक पॉलिश पेपरने पुसून स्वच्छ करा. चावी खाचेत हलत नाही ना, तिच्या कडा दबलेल्या नाहीत ना, ते नखाने चाचपा. पुलीच्या गाभ्याचा जो गुळगुळीत भाग ऑइल सीलच्या आत फिरतो, त्यावर नखाला अडकेल असा चर पडला असेल तर नवं सील टाकूनही तेल गळेल. आता सगळं उघडलंच आहे तर सील बदलून घ्या, ते स्वस्त आहे आणि इथवर पोचायचा त्रास महाग. बसवताना त्या गुळगुळीत भागावर इंजिन ऑइलचं बोट फिरवा, म्हणजे सीलची ओठासारखी कड आत दुमडत नाही. पुलीच्या मागे दाते असतील तर ते क्रँक सेन्सरसाठी आहेत. एक दाता जरी वाकला तरी इंजिन मिसिंग करतं.

पुली चावीवर सरळ घाला आणि हाताने आत ढकला. घट्ट बसणारी असेल तर हातोडा नको, तो धक्का क्रँकशाफ्टला पुढेमागे रोखणाऱ्या पातळ बेअरिंगला जातो. मूळ बोल्टाने ओढून आत घेण्याचा मोह होतो, पण सुरुवातीला त्याचे चार-पाचच आटे धरलेले असतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. बसवण्याचं हत्यार आट्यांत खोलवर जातं आणि नटाने पुली आत ढकलतं.

मग टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना. त्याबद्दल एवढं समजून घ्या की पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला तर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, आणि गंजक्या आट्यांवर वापरला तर पुरेसा ताणला जात नाही. घर्षणाचा हा लहरीपणा टाळायला अनेक कंपन्या आधी थोडा टॉर्क आणि मग ठरावीक अंश फिरवायला सांगतात, उदाहरणार्थ आणखी ९०. असे बोल्ट बहुतेकदा कायमचे ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. मॅन्युअल नवा बोल्ट म्हणत असेल तर नवाच घ्या. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळू नका, ती किती आवळते ते तिलाही ठाऊक नसतं.

बेल्ट घालताना सगळ्यात जास्त होणारी चूक अगदी साधी आहे: एका पुलीवर बेल्ट एक रेघ बाहेर सरकलेला राहतो. वरून दिसत नाही. प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा. मग लांब सरळ पट्टी दोन पुल्यांच्या तोंडांना लावून पाहा. एक फूट अंतराला दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी तिरकं बसलंय: वॉशर राहिला, किंवा पुली पूर्ण आत गेली नाही. जुन्या फॅनबेल्टला मधोमध अंगठ्याने दाबून साधारण १० मिलिमीटर लवचिकता ठेवा. त्याहून घट्ट केला की डायनामोचं आणि पंपाचं बेअरिंग जातं.

बॅटरी जोडण्याआधी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, इंजिनाच्या नेहमीच्याच दिशेने. कुठे अडलं तर तिथेच थांबा. मग बॅटरी जोडा, इंजिन दहा सेकंद चालवा, बंद करा, बेल्टची जागा परत बघा.

आवाज येत असेल तर बाटलीतून बेल्टच्या रेघांवर थोडं पाणी उडवा, हात लांब ठेवून. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. आणि पाण्याचा काहीच परिणाम न होता घर्र घर्र चालू असेल तर ते बेअरिंग. आयडलर आणि टेन्शनरपासून शोधायला लागा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पुलीच्या फिरणाऱ्या भागाला न लावता तिच्या बोल्टावर टेकवून मूठ कानाजवळ धरली की कुठलं घरघरतंय ते स्पष्ट ऐकू येतं.

आवाज शांत असेल तर पुलीवर पांढऱ्या रंगाची रेघ नव्याने ओढून ठेवा आणि पुढच्या ऑइल बदलाला ती पाहा.